शेवटच्या ओळीसकट

कोपर, डोंबिवली (प.)
रविवार, ५ एप्रिल

प्रिय हेमा,

नमस्कार. तू, सून, नातवंडं सगळी मजेत असाल असं धरून चालते, कारण पाडव्यालासुद्धा तुझा फोन आला नाही. कल्याण काही सातासमुद्रापलीकडे नाही. मी बरी आहे. ऊन आत्तापासूनच भाजतंय, कढीपत्त्याचे शेंडे खुडलेत, जास्वंदीवर पांढरी कापसासारखी कीड पडली होती ती साबणाच्या पाण्याने धुतली. कुंड्यांची माती मात्र यंदा बदलायची राहिली. का राहिली ते पुढे येईल.

पत्राला कारण तुझे भाडेकरू. दुसरं काय असणार?

आधी मोगऱ्याचं सांगते, कारण त्याचाच राग जास्त आहे. मागच्या अंगणात तुझ्या-माझ्या भिंतीपाशी आपण दोघींनी लावलेला मोगरा. फेब्रुवारी लागला की मी त्याचं पाणी तोडते, हे तू तीस वर्षं पाहिलं आहेस. तीन आठवडे थेंब द्यायचा नाही. पानं पिवळी पडतात, गळतात, नुसत्या काड्या उरतात. मग छाटायचं, उरलेली पानं खुडायची, बुंध्याशी माती मोकळी करून शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची, आणि त्यानंतर पोटभर पाणी. असा ताण दिला तर चैत्रात झाड कळ्यांनी भरतं. नाही दिला तर नुसता पाला.

यंदा नुसता पाला आहे. एक कळी नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या देवाला विकतचा गजरा. कारण तुझ्या भाडेकरणीने, त्या प्रीतीने, ऐन ताणात त्याला रोज सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घातलं. मी विचारलं, कुणाला विचारून घातलंस? तर म्हणाली, "मावशी, ते मरायला लागलेलं. तुम्ही नव्हता ना." वर हसली. झाड वाचवल्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. अशा माणसावर ओरडायचं तरी कसं, सांग.

मी पंधरा-वीस दिवस घरी नव्हते. त्याचंही सांगते. आधी आवाजाचं संपवू दे.

जानेवारीत मी तुला पत्र लिहिलं, त्यात तीन तक्रारी होत्या आणि तिन्ही आजही खऱ्या आहेत. एक, टीव्ही. संध्याकाळी साडेसहाला प्रीती कामावरून आली की जो लागतो, त्यातल्या बातम्या मला माझ्या स्वयंपाकघरात पाठ होतात. दोन, तिच्या नवऱ्याचं, रत्नदीपचं बोलणं. तो माणूस मीठ मागतो तेव्हासुद्धा कुणी विहिरीत पडल्यासारखं ओरडतो. तीन, पाढे. त्यांची दिशा चौथीत आहे. बाप बरोबर सातला तिला समोर बसवून पाढे म्हणवून घेतो, तेही खड्या आवाजात. पोरगी एकोणीसच्या पाढ्यात रोज एकाच ठिकाणी अडखळते आणि तो रोज "पुन्हा" म्हणतो. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. एकोणीसचा पाढा असा ओरडून येत नसतो. तो वीसमधून एकेक वजा करून शिकवायचा असतो.

म्हणून मी भिंतीवर लाटणं आपटायची. सात वाजले, पाढे सुरू झाले, की तीन दणके. पलीकडून दिशा ओरडायची, "हो आज्जी!" आणि आवाज थोडा कमी व्हायचा. दहा मिनिटांनी पुन्हा जैसे थे. दीड वर्ष हे रोज चाललं. एकही दिवस खाडा नाही, त्यांचाही नाही आणि माझाही.

आता त्या वीस दिवसांचं. सोळा फेब्रुवारीला दुपारी मी मागे मोगऱ्याच्या वाळक्या काड्या काढल्या आणि मातीचे हात धुवायला न्हाणीघरात गेले. पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आली असतीस, आणि मला तू यायला नको होतीस. का, ते ओघात येईलच.

तीन-साडेतीन तास पडून होते, हेमा. फोन ओट्यावर. बिल्डिंगमधली नोकरदार माणसं कामावर, उरलेली दुपारची झोपलेली. साडेसहाला प्रीती आली, टीव्ही लागला. मी जीव काढून हाका मारत होते आणि भिंतीपलीकडे तो टीव्ही. इतका संताप मला आयुष्यात आला नाही. मरताना शेवटचा आवाज जाहिरातीचा ऐकायचा, असं माझ्या नशिबात असेल तर नशिबाला काय म्हणावं? सातला पाढे सुरू झाले. एकोणीसपाशी पोरगी अडखळली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

आणि तेवढ्यात टीव्ही आणखी मोठा झाला.

मला वाटलं, संपलं. कसले लोक आहेत हे! नंतर प्रीतीने सांगितलं ते असं. पाढे सुरू झाले आणि दणके आले नाहीत. दिशा बापाला म्हणाली, आज्जीने अजून ठोकलं नाही. रत्नदीप म्हणाला, पुन्हा म्हण. तिने आणखी जोरात म्हटला, तरी काही नाही. तेव्हा प्रीतीने टीव्ही मुद्दाम वाढवला. होता तेवढा वाढवला, आणि तिघं भिंतीला कान लावून उभी राहिली. तरी लाटणं नाही. मग प्रीती मागच्या अंगणातून आमची बुटकी भिंत ओलांडून आली, मोगरा तुडवत. मागचं दार मी लोटलेलंच ठेवलं होतं.

रत्नदीपने मला उचललं. रिक्षा नाही, कुणाची तरी गाडी मागून आणली. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला. नातं काय, म्हणाला. रत्नदीपने सांगितलं, "भाचा." त्याचं बोलणं तुला माहीत आहे, स्ट्रेचरवर मला तर ऐकू आलंच, पण सगळ्या रांगेला आलं. त्या माणसाने वर बघितलं आणि आडनाव वेगळं कसं म्हणून विचारलं. हा म्हणाला, "मावशीचं आणि भाच्याचं वेगळंच असतं ना, साहेब." आणि सही ठोकली. सरकारी-बिनसरकारी कुठल्याही कागदावर मी कधी खोटं लिहू दिलं नाही, आणि माझ्याच फॉर्मवर हे. त्या अवस्थेतही मी म्हणणार होते, अहो, खोटं आहे. म्हटलं नाही.

माझा पोटचा सर्वेश बंगळुरूहून दुसऱ्या दिवशी आला, ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी सुट्टी संपली म्हणून गेला. त्याचं चुकलं असं नाही, पण गेला. मग पुढचे दिवस रोज डबा प्रीतीचा. आता घरी वॉकर घेऊन हिंडते, पण वाकता येत नाही. कुंड्या म्हणून राहिल्या.

आता मुख्य. आणि इथे माझा राग त्यांच्यावर नाही, तुझ्यावर आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून इतके दिवस गप्प बसले.

गेल्या सोमवारी माझी औषधांची चिठ्ठी सापडेना. रत्नदीपने तिचा फोटो काढून ठेवलेला, त्याने फोनच माझ्या हातात दिला, "बघा मावशी, ह्यात आहे." मी एकेक फोटो मागे सरकवत गेले. एक्स-रे, दिशाचं प्रगतिपुस्तक, खोल्या रिकाम्या असल्याच्या दोन पाट्या. आणि मग माझं अक्षर. माझं जानेवारीचं पत्र, दोन्ही पानं. वर पाठवणारी म्हणून तुझं नाव आणि तारीख एकवीस जानेवारी.

तू माझं पत्र त्याला पाठवलंस, हेमा! खासगी पत्र! 'ही बघा तुमच्याबद्दलची तक्रार' असं म्हणून, अख्खं! तुला दोन वाक्यं स्वतःची सुचली नाहीत? तीस वर्षांच्या मैत्रिणीचं पत्र काय नोटीस बोर्डावर लावायचं असतं?

त्या पत्रात तीन तक्रारी होत्या असं मी वर लिहिलं. चार होत्या. तुला माहीत आहे चार होत्या. चौथी म्हणजे शेवटची ओळ. 'ही आपल्यातली माणसं नाहीत, पुढच्या खेपेस आडनाव बघून घर दे.' हे मी लिहिलं. माझ्या हाताने, शाईच्या पेनाने, शुद्धलेखनाची एक चूक न करता. टीव्हीमुळे मी चिडले होते, हे खरं. पण टीव्हीला आडनाव नसतं. वर्गात मुलांना समतेवर निबंध लिहायला लावणारी मी, आणि निवृत्त झाल्यावर उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून तू यायला नको होतीस. तू आली असतीस तर त्यांच्यासमोर ते पत्र निघालं असतं.

त्याने ती ओळ एकवीस जानेवारीला वाचली. सोळा फेब्रुवारीला मला उचलून नेलं. मधले सव्वीस दिवस मी रोज तीन दणके देत होते आणि दिशा रोज "हो आज्जी" म्हणत होती. खिडकीवरच्या माणसाने आडनावाचं विचारलं तेव्हा त्या बापड्याच्या मनात काय आलं असेल, ह्याचा मी गेला आठवडाभर विचार करते आहे.

फोन हातात धरून मी बसले होते तेव्हा मी काय बघते आहे ते त्याला दिसलं. तोच म्हणाला, "असू दे मावशी. अक्षर लई छान आहे तुमचं. दिशाला शिकवा." आणि चिठ्ठीचा फोटो शोधून दिला.

प्रीतीने परवा सांगितलं की तू त्यांना ३० एप्रिलपर्यंत जागा सोडायला सांगितली आहेस. ती टिटवाळ्याकडे खोल्या बघते आहे. दिशाची शाळा तिथून बदलावी लागेल. रत्नदीप वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात प्रेसच्या यंत्रावर काम करतो, अठरा वर्षं तो धडधडाट ऐकून त्याचे कान गेलेत. तो ओरडतो तो त्यामुळे. टीव्ही मोठा असतो तो त्यामुळे. दीड वर्ष भिंत ठोकली, पण एकदा दार ठोकून विचारलं असतं तर मला हे कधीच कळलं असतं. तूही विचारलं नाहीस. माझ्या एका ओळीवर तू माणसं हलवायला निघालीस, इतका माझा शब्द तू कधी मानला होतास गं?

तेव्हा मी माझी तक्रार मागे घेते. टीव्हीची, बोलण्याची आणि पाढ्यांची सुद्धा, जरी त्या तिन्ही खऱ्या आहेत. चौथी खोटी होती. त्यांचा करार वाढवून दे. नाही दिलास तर मी सोसायटीच्या सभेत वॉकर घेऊन उभी राहीन आणि हे सगळं वाचून दाखवीन, तुझ्या नावासकट.

मोगरा यंदा गेला. पुढच्या फेब्रुवारीत मला वाकता येईल की नाही, सांगता येत नाही. ताण कसा द्यायचा, पाणी कधी तोडायचं आणि झाड मेल्यासारखं दिसलं तरी हात कसा आवरायचा, हे प्रीतीला शिकवायचं आहे. त्याला ती पुढच्या फेब्रुवारीत इथे असावी लागते.

तू म्हणशील, दोन पावलांवर राहतात, जाऊन माफी माग. तेच तर अडलंय. त्याला ऐकू कमी येतं. मी हळू बोलले तर त्याला कळणार नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची तर सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल. आठवडाभर मी ह्याच भीतीने घरात बसले आहे.

म्हणून एक कर. मागच्या पत्राचा फोटो काढून पाठवलास तसाच ह्याचाही पाठव. सगळी पानं पाठव. ती शेवटची ओळ ह्यात पुन्हा लिहिली आहे, ती झाकू नकोस. आज-उद्या पाठव. तू पाठवलंस की मी सातला, पाढे सुरू व्हायच्या वेळी, त्यांच्या दारात जाईन आणि तोंडाने सांगेन. ओरडून सांगेन. ऐकू दे बिल्डिंगला.

तुझ्यावर अजून रागावलेली,
भिंतीच्या अलीकडची,
रत्नदीपची मावशी
नीला