ब्लॅक बुकात छापलेली ओळ

गुरुवार, संध्याकाळ. मानखुर्द.

वाट लागली, आणि ती मीच लावली. सरांशी भांडून कॉलेज सोडलं, तेव्हा आमच्या प्रोजेक्टच्या गेमचा कोड ग्रुपमधल्या सायलीकडेच राहिला. त्यात मधेमधे माझ्या कॉमेंट, म्हणजे टिपा, होत्या. कॉम्प्युटर त्या वाचत नाही, म्हणून बिनधास्त लिहिलेल्या. 'सायली हसली की हिरो उडी मारायचं विसरतो.' ही ओळ तरी पुसायची ना, गाढवा!

आत्ता तिचा फोन आला तो ओरडतच. ग्रुपने अख्खा कोड ब्लॅक बुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या काळ्या बांधणीच्या अहवालात छापला, आणि व्हायवाला, तोंडी परीक्षेत, परीक्षक बाईंनी नेमकी तीच ओळ मोठ्याने वाचली. कोणी लिहिलं, विचारलं. माझं नाव ग्रुपमध्ये उरलेलंच नाही. तर ग्रुपमधला तो निखिल म्हणे, "मी, मॅडम!"

"दात पाडतो त्याचे! आलोच."

"गप बस रे! दोन वर्षं शेजारी बसून मला एक शब्द बोलला नाहीस, आणि परीक्षकांना सगळं सांगितलंस?"

"अगं, कॉमेंट वगळायच्या असतात. कॉम्प्युटरसुद्धा वगळतो."



"मी नाही वगळली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हिरोची उडी, माझी उडी, काही सुचत नाहीये. निखिलला माफ केलं.