पाच बोटांचा पाव

५ जानेवारी २०१०, मंगळवार

विश्वजीत आणि निशा वाकडला भाड्याचा फ्लॅट बघून आले. दोघांच्या कंपन्या हिंजवडीत, बिबवेवाडीहून जाण्यातच दीड तास मोडतो, असं त्याने ह्यांना सांगितलं. महिनाअखेर घरमालकाला कळवायचं आहे. हे पेपरातून मान वर न काढता 'बरं' म्हणाले. झालं.

मी खरं कारण ओळखलं. सूनबाई सकाळी पोहे घेत नाही. विकतचा ब्रेड पर्समध्ये टाकते आणि कंपनीच्या बसमध्ये खाते. घरात मनासारखा नाश्ता मिळेना, तर माणूस जाणारच. ब्रेड घरी झाला की फ्लॅटचं खूळ जाईल. शिवाय स्वस्त पडेल.

६ जानेवारी

निशाने ऑफिसातून ब्रेडच्या कृतीचा प्रिंट आणून दिला. मैदा, मीठ, पाणी, चिमूटभर यीस्ट. मळायचंच नाही. कालवायचं, झाकायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी भाजायचं. मॅट्रिकला ह्याहून अवघड गणितं होती. वरच्या मजल्यावरच्या श्यामलावहिनींना सांगून टाकलं, आमच्याकडे बाहेरचा ब्रेड बंद.

८ जानेवारी, शुक्रवार

काल संध्याकाळी दिवा लावून, स्तोत्र म्हणत पीठ कालवलं.

भिजवलेलं पीठ रात्रभर ठेवायची आमच्याकडे रीत नाही. गोळा पिंडासारखा दिसतो; भरकटलेलं कोणीतरी, आपल्यासाठीच ठेवलाय असं समजून घरात शिरतं. कणीक उरलीच, तर सासूबाई तिच्यावर पाच बोटं दाबून ठेवायच्या. मीही दाबली. झोपायच्या आधी बघितलं, तर पुन्हा गोल. पुन्हा दाबली. पाणी प्यायला उठले, तर पुन्हा गोल. चिवट आहे. चांगली तळापर्यंत दाबली. पूजेआधी आणखी एकदा.

बाकी सगळं अगदी प्रिंटप्रमाणे. कुकरची शिट्टी काढून भाजला. भाकरीएवढा जाड झाला. ह्यांनी अडकित्ता मागितला.

यीस्ट जुनं असणार.

११ जानेवारी

नवं यीस्ट. तसाच. थंडी फार आहे. प्रिंट परदेशातला, त्यांच्याकडे घरं गरम असतात. उद्या पातेल्याला विश्वजीतची लोकरी टोपी घालणार.

१२ जानेवारी

टोपीला मैदा लागला. पाव तसाच. सोजरबाई भांडी घासायला आल्या, त्यांना निम्मा दिला. भिजत घालायचा का, असं त्यांनी मनापासून विचारलं.

१५ जानेवारी, शुक्रवार, सूर्यग्रहण

वेध लागायच्या आत पीठ कालवून झालं होतं, टाकवेना. तुळशीचं पान ठेवलं. ग्रहणात भरकटणारे जास्त, म्हणून दोन्ही हातांची बोटं दाबली. पाव नव्हे, ताटली झाली. ग्रहणाचा दोष. आजचा प्रयत्न धरायचा नाही.

२३ जानेवारी, शनिवार

निशा माझ्याशेजारी ओट्याला टेकून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही मध्ये ह्याला काही करता का? ह्याला काही करायचंच नसतं."

मी म्हटलं, करते काय, नुसती लक्ष ठेवते. ती हसली आणि ताटलीतला एक तुकडा चहात बुडवून खाल्ला. बराच वेळ चावत होती. आवडला. फ्लॅटचा विषय आज निघाला नाही. जमत आलंय.

३१ जानेवारी, रविवार

फ्लॅट घेतला. पाडव्याला राहायला जाणार.

मी विश्वजीतला म्हटलं, अजून थोडे दिवस दे, पाव फुगेल. तो माझ्याकडे बघतच राहिला. "आई, पावाचा काय संबंध? बसमध्ये तीन तास जातात गं." पोरगा हळवा आहे, बायकोच्या नाश्त्याचं माझ्यापुढे काढवेना त्याला. मी विषय वाढवला नाही.

१७ मार्च, बुधवार

काल पाडवा. वाकडला गुढी उभारली, दूध उतू घातलं. हे संध्याकाळीच परतले, दुसऱ्यांच्या घरात ह्यांना झोप येत नाही. दुसऱ्यांच्या, असंच म्हणाले. मी राहिले.

सकाळी ओट्यावर झाकलेलं पातेलं दिसलं. निशाने पीठ कालवून ठेवलं होतं. झाकण काढलं. कडेपर्यंत वर आलेलं, गोल, पांढरं, वर बुडबुडे. माझं एकदाही इतकं वर आलं नव्हतं. रात्रभर कोणी फिरकलंच नव्हतं त्याच्याकडे.

नवं घर, पहिली रात्र, आणि ओट्यावर एवढा मोठा पिंड. मी पाच बोटं दाबली. फुस्स करून सगळं खाली बसलं.

मागे निशा उभी होती.

"आई, तिकडे रोज हे करत होतात?"

"तुमच्या घरात नको ते काही येऊ नये म्हणून गं."

तिने झाकण ठेवलं आणि विश्वजीतला खालून ब्रेड आणायला पाठवलं. मी दोन स्लाइस खाल्ले. मऊ होते.

येताना स्वारगेटला बस बदलली, जागा मिळाली नाही. दारातच ह्यांनी विचारलं, सुनेचा पाव फुगला का? मी सांगितलं, तिकडचं यीस्टही खराबच निघालं.

रात्री दोघांपुरतीच कणीक भिजवली. पाच पोळ्या झाल्या. उरली नाही, त्यामुळे दाबायचं काही नव्हतं. तरी दिवा मालवताना एकदा परात बघून आले.