फॉर्मच्या पाठीवर

प्रिय दादा,

बाबांना कायमचं झोपवायच्या इंजेक्शनचा फॉर्म तू त्यांना न विचारताच सही करून मला पाठवलास. आज चर्चचे पाळक आले. उपदेश करतील म्हणून मी जीभ परजून बसले होते, पण ते बाबांची नखं कापत बसले.

बाबांनी विचारलं, "मी पोरांना जड झालोय का हो?"

"मुलीलाच विचारा. ती कुणाची भीड ठेवत नाही."

"झालात," मी म्हटलं. "पण लहानपणी आम्ही तुम्हाला काही कमी जड नव्हतो. दादा तर जास्तच."

बाबा हसले आणि त्यांनी दुसरा हात पाळकांपुढे केला.

हे त्याच फॉर्मच्या पाठीवर लिहितेय. पुढच्या बाजूला तुझ्या सहीखाली माझीही सही आहे, सकाळीच केलेली. दोन्ही सह्यांचा हा कागद तुझ्या हाती लागू नये म्हणून हे पत्र पोस्टात पडणार नाही.

तुझी तिखट जिभेची,
धाकटी