पंचनाम्यात मी कुठेच नव्हते

बाबा, गेले तीन महिने मी दर गुरुवारी इथल्या, रायपूरच्या पोलीस लाइनीतल्या एका खोलीत जाऊन बसते, आणि हे तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. दवाखान्याला लागून असलेल्या त्या खोलीत तुमच्या वेळी जुने तंबू आणि मोडक्या ढाली पडलेल्या असायच्या. आता तिथे दोन खुर्च्या आहेत, खडखडणारा एक कूलर आहे आणि समुपदेशन करणारी एक बाई येते. बाई कसली, पोट्टीच आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पोलिसांनी यावं, त्यांच्या घरच्यांनीही यावं, बोललेलं काहीही सर्व्हिस बुकात जाणार नाही, असा कागद आमच्या ठाण्याच्या फळ्यावर लागला होता. तो सगळ्यांनी वाचला आणि सगळ्यांनी दुसऱ्याला सुचवला. "तुम जाओ भैया, तुमको ज़रूरत है," यावर आठवडाभर चहा झाला. स्वतःहून कोणी गेलं नाही. मीही गेले नसते. मी गेले ते तुमच्या नातीच्या गुडघ्यामुळे.

नातीला तुम्ही पाहिलं नाही. माझं लग्न झालं तेच तुम्ही गेल्यानंतर. ती आठ वर्षांची आहे, मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीत देते, आणि हट्टाला पेटली की कपाळाला अगदी तुमच्यासारख्या आठ्या पाडते. त्या दिवशी संध्याकाळी मी ड्यूटीवरून घरी आले तेव्हा ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. मी तिच्यासमोरून आत गेले, फोनवर ठाण्याच्या मुंशीशी बोलत बाहेर आले, पुन्हा आत गेले. दहा मिनिटांनी फोन ठेवला आणि पाहते तर तिने गुडघ्यावर हात दाबून धरलेला, रक्त ओघळून मोज्यापर्यंत आलेलं. सायकलवरून पडली होती. "काहून सांगितलं नाही मले?" असं मी ओरडले तर ती शांतपणे म्हणाली, "पहले बेल्ट उतार लो मम्मा."

हा नियम मी तिला कधी शिकवला नव्हता, बाबा. हा आपल्या घरचा नियम, आईने केलेला. त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तुमच्या बुटांचा आवाज आला की आई कुकरची शिटी काढून ठेवायची, मला स्वयंपाकघरात ओढायची आणि म्हणायची, "बाबांचा पट्टा निघू दे, मंग बोल." पट्टा खिळ्यावर अडकला की घर बोलायला लागायचं. काही दिवशी तो लगेच निघायचा आणि तुम्ही मला हाक मारून विचारायचे, "काय शिकवलं आज मास्तरनं?" आणि काही दिवशी तुम्ही तसेच, पट्ट्यासकट, भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसून राहायचे. मी सातवीचा निकाल हातात घेऊन उंबऱ्यात उभी आहे, वर्गात दुसरी आलेली आहे, आणि वरणाचा वास सुटला आहे, भूक लागली आहे, तरी आई मानेने नाही म्हणते. तो निकाल मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी दाखवला. ते दिवस कुठले असायचे हे मला फार उशिरा कळलं. अपघातात, विहिरीत, गळफासाने गेलेल्यांची जी चौकशी होते, जिला आपल्याकडे मर्ग म्हणतात, तिची बहुतेक कामं ठाण्यात तुमच्याच गळ्यात पडत, कारण तुमचं अक्षर चांगलं होतं आणि तुमचा हात कापत नसे. शेजारणी विचारायच्या, भाऊ आज गप्प काहून? आई म्हणायची, थकले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. मुठीत काय आहे हे तिनेही उघडून पाहिलं नव्हतं.

मी सब-इन्स्पेक्टर झाले तेव्हा तुम्ही मला गोल बाज़ारातून पत्र्याच्या चिमट्याचं एक जाड पॅड आणून दिलं. "जागेवर उभं राहून लिहा लागते, मांडीवर कागद हालते," एवढंच बोललात. पहिला पंचनामा मी मोठ्या हौसेने तुम्हाला दाखवायला आणला. त्यात मी लिहिलं होतं की दृश्य अत्यंत दुःखद होते. तुम्ही कानामागची पेन्सिल काढली आणि त्या ओळीवर सरळ रेघ मारली. "हे कोणी पाह्यलं? पयले जागा लिही, मंग वस्तू, मंग माणूस. तुले काय वाटलं ते कोर्ट विचारत नाही. वाटलेलं लिहिलं का वकील तुलेच फाडून खाईल." तुमचं बरोबर होतं. त्या शिकवणीवर मी बारा वर्षं नोकरी केली, माझा एकही पंचनामा कोर्टात पडला नाही. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

या उन्हाळ्याच्या आधी भनपुरीच्या रस्त्यावर एका ट्रकखाली स्कूटर आली. आई आणि मुलगी. आई वाचली. मी पॅड काढलं, जागा लिहिली, मग वस्तू लिहायला लागले. चप्पल एक, दप्तर एक, वॉटर बॅग एक, रंग हिरवा, झाकण लागलेले. तशीच हिरवी वॉटर बॅग माझ्या पोरीची होती. मी सगळं काम नीट संपवलं, सोबतच्या शिपायाला चहा पाजला. तो गावाकडचा साधा पोरगा, "मैडम, आप ठीक हव?" असं अर्ध्या छत्तीसगढीत विचारत होता, त्याला हसून मान डोलावली, 'हव' म्हटलं. घरी आले आणि ओट्यावर ठेवलेली पोरीची वॉटर बॅग उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. वरून भाजीची सालं टाकली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळी ती शोधायला लागली तेव्हा मी तिलाच रागावले. कुठं हरवून आलीस, वस्तूंची किंमत नाही तुला, असं बरंच. ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, चूक कबूल आहे म्हणून गप्प आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांना आपण किती हसलो असू, बाबा. मी ते माझ्या पोटच्या पोरीशी केलं. त्यानंतर ती माझ्याशी कमी बोलायला लागली आणि मी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, तो गुडघा फुटेपर्यंत.

पहिल्या गुरुवारी मी वर्दीत गेले, ताठ बसले आणि साक्षीदार जशी उत्तरं देतो तशी दिली. माहीत नाही. आठवत नाही. सर्व सामान्य आहे. त्या पोट्टीने जोर केला नाही. म्हणाली, "मैडम, जो हुआ वो लिख के लाइए. जैसे आपको आए." मी खूश झाले, लिहिणं तर आपलं काम. पुढच्या गुरुवारी दोन पानं नेली. तिने वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. ठिकाण, वेळ, रस्त्याची रुंदी, ट्रकच्या चाकांच्या खुणा, जप्त वस्तूंची यादी, सगळं होतं. खाली माझी सही होती आणि डाव्या बाजूला दोन पंचांच्या सह्यांसाठी जागा सोडलेली होती. सवयीने सोडली होती, खरंच माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिने त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "यहाँ कौन साइन करेगा, दीदी?" मैडमची दीदी कधी झाले कळलं नाही. मला हसू आलं. तीही हसली. मग ती म्हणाली, "इसमें सब है. आप कहाँ हैं?" मी म्हणाले, "मैं तो लिखने वाली हूँ." आणि हे म्हणता म्हणता मला रडू फुटलं. कूलर इतका खडखडत होता की बाहेर ऐकू गेलं नसेल, गेलं असलं तरी जाऊ दे. वॉटर बॅगेची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाने सांगितली.

बाबा, मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. दुखणं संपलं असं नाही. भनपुरीवरून जाताना अजूनही माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. पण दुखणं अंगावर काढायचं नसतं, हे ताप-खोकल्याबद्दल आपल्याला माहीत होतं, फक्त याबद्दल नव्हतं. ती पोट्टी म्हणाली, बेटी से माफी माँगने में इतना मत सोचिए. घरी जाऊन मी आधी कपडे बदलले, पोरीला जवळ बसवलं आणि म्हणाले, "तुझी हिरवी वॉटर बॅग तू नाही हरवली. मी फेकली होती." ती म्हणाली, "पता है. मैंने डस्टबिन में देखी थी."

"मंग बोलली काहून नाही?"

"आप इतनी परेशान थीं. मुझे लगा आपको फेंकनी ही होगी."

म्हणजे ती माझी मूठ झाकून बसली होती, आठ वर्षांची पोर. मी तिला सांगितलं, हे काम तुझं नाही. रोज सांगते. आता मी घरात शिरते तेव्हा ती धावत येते, पट्ट्यासकट मिठी मारते आणि बक्कल टोचलं की कुरकुरते. परवा तिने शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवली आणि मी वर्दीतच जमिनीवर बसून पाहिली. आमच्या घरात आता फार आवाज असतो. तुमचे जावई म्हणतात, ठाणं परवडलं.

त्यांच्यामुळेच हे लिहायला बसले. ते नवा रायपूरला ऑफिसात आहेत, रजा मोजून मिळते. तरी पहिल्या गुरुवारी त्यांनी अर्धी रजा टाकली. मी म्हणाले, मी काय लहान आहे, जाईन एकटी. ते म्हणाले, "जाशील तू. पण येताना कोणी पाहिजे ना." आणि खोलीबाहेरच्या बाकावर तासभर मोबाइल पाहत बसून राहिले. लाइनीतले ओळखीचे दहा जण येता-जाता बघून गेले. ते सगळ्यांना नमस्कार करत होते. बाहेर आल्यावर त्यांना तसं बसलेलं पाहिलं आणि मला तुम्ही आठवलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळ आहे, आई देवळात गेली आहे. तुम्ही वर्दी घातलेली नाही. माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहता आणि शर्टाच्या खिशातली चिठ्ठी चाचपत म्हणता, "समता कॉलोनीपर्यंत येतं का माझ्यासंग? एक डॉक्टर हाय. घरचं कोणी असलं तर बरं, म्हणतात." तुम्ही त्याआधी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ते डॉक्टर कशाचे आहेत हे मला माहीत होतं, त्यांच्या 'मनोरोग तज्ज्ञ' या पाटीवरून लाइनीतली पोरं एकमेकांना चिडवायची. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, आज माझा पेपर आहे. तुम्ही म्हणालात, "हव, पेपर पयले," आणि स्कूटर काढून गेलात. तासाभराने भाजी घेऊन परत आलात. डॉक्टरांकडे गेलात की नुसते बाजारातून फिरून आलात, हे मी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. आईला तर काहीच सांगितलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मला कळतं. त्या पोट्टीलाही दाखवणार नाही, तिने मागितलेलंही नाही. तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात, तेही कळतं. पण जे घडलं ते बरोबर लिहायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून लिहिते. बाबा, त्या दिवशी माझा कोणताही पेपर नव्हता. त्या पाटीखाली तुमच्यासोबत कोणी मला पाहील याची मला लाज वाटली होती.