दादा, तुझा विषय त्यांनी बदलला

प्रिय दादा,

काल वहिनीनं कॉलेजच्या कागदावर सही केली, म्हणून आज हे लिहायला बसले. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं तुला मुळीच पटलं नसतं, ठाऊक आहे मला. "वाचणारा नसेल तर लिहितेस कशाला?" म्हणाला असतास. पण तूही आयुष्यभर तेच केलंस की! तुझी तरी पुस्तकं कुणी वाचली?

सही कशावर केली ते आधी सांगते. ज्या शिरूरच्या कॉलेजात मराठी शिकवण्यात तुझा जन्म गेला, तिथं आता तुझ्या नावानं व्याख्यानमाला होणार आहे. छान ना? मग पुढचं ऐक. व्याख्यानं होणार दलित साहित्यावर. दर वर्षी, तुझ्या फोटोला हार घालून, दलित साहित्यावर! मला आधी हसूच आलं. मग असा संताप आला, की हातातली परात ओट्यावर आपटली आणि वहिनी दचकून बाहेर आली.

सुरुवात फ्लेक्सपासून झाली. तू गेलास त्याच संध्याकाळी आपल्या दौंडच्या वस्तीतल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. 'दलित साहित्याचे गाढे अभ्यासक' असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली तुझं नाव. पोरांवर माझा राग नाही. त्यांनी वर्गणी काढली, तुझा चांगल्यातला चांगला फोटो हुडकला. तू नेमकं काय करायचास ते त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यानं फ्लेक्स बघून बातमी केली, बातमी वाचून कॉलेजात शोकसभा झाली, आणि शोकसभेतली भाषणं ऐकून व्याख्यानमाला ठरली. एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलं आणि तुझा अख्खा जन्म ठरवून टाकला! तू असतास तर यावर एक लेख नक्की लिहिला असतास.

पुण्यानुमोदनाला तुझे प्राचार्य आले होते. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले, मग त्यांनी माइक घेतला. "सरांनी वेदनेला शब्द दिले," म्हणाले. तू? वेदना हा शब्द पोरांच्या पेपरात दिसला, की लाल पेनानं खोडणारा तू! मग व्याख्यानमालेची घोषणा झाली आणि मांडवात टाळ्या पडल्या. दुखवट्यात टाळ्या, दादा! मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले.

"सर, दादानं त्या विषयावर एक ओळ लिहिलेली न्हाई," मी म्हटलं. "त्याचा विषय उत्तर-आधुनिक कादंबरी. दोन पुस्तकं आहेत त्याची. तुमच्या लायब्ररीतच आहेत."

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण सर त्याच समाजातून आलेले ना? म्हणजे त्यांचं सगळं लेखन त्याच जाणिवेतून आलेलं असणार."

असणार! वाचलेलं नाही, पण असणार! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते एक वेळ चाललं असतं. इथं तर दुधाचं कौतुक करता करता म्हैसच दुसरी आणून बांधली.

मला तरी तुझा विषय कुठं पटकन कळला होता? तुझं पहिलं पुस्तक मी तिकीट खिडकीच्या ड्युटीवरून आल्यावर वाचायला घ्यायचे आणि दोन पानांत डुलक्या घ्यायचे. शेवटी एका रविवारी तू मला स्टेशनात नेलंस. नगरकडून आलेली पुण्याची गाडी उभी होती.

"बघ," तू म्हणालास, "इथं इंजिन सुटणार आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागणार. आता गाडी उलटी निघेल. नवा माणूस घाबरतो, म्हणतो, आरं, परत नगरला चालली का काय! शेवटचा डबा पहिला झालेला असतो. पण गाडी तीच, माणसं तीच, आणि पोचतात ती पुण्यालाच. काही कादंबऱ्या अशा असतात, बेबी. लेखक मधेच इंजिन काढून मागं लावतो. लोक म्हणतात, चुकला. मी म्हणतो, चुकला नाही, जरा खाली उतरून बघा."

आपल्या आप्पांची सगळी नोकरी शंटिंगमध्ये गेली. ऊन असो, पाऊस असो, डबे जोडायचे आणि सोडायचे. त्यांचा मुलगा फलाटावर उभा राहून जगातल्या कादंबऱ्या अशा सोडवून दाखवत होता! मला कोण अभिमान वाटला. त्यानंतर पुस्तक पुन्हा उघडलं. निम्मं तेव्हाही कळलं नाही, पण निम्मं कळलं आणि ते मला आवडलं.

हेच उदाहरण तू पुण्याच्या चर्चासत्रात दिलंस. मी रजा टाकून डेमू गाडीनं तुझ्याबरोबर आले होते. माझी बनारसी साडी बघून तू म्हणालास, "लग्नाला चाललीस का?" तिथं गेल्यावर कार्यक्रमपत्रिका हातात पडली. तुझा निबंध कादंबरीतल्या काळावर, आणि सत्र? दलित साहित्य! जेवणानंतरचं. अर्धे लोक पेंगत होते, उरलेले बाहेर पान खात होते. तू आयोजकांना विचारलंस तर ते हसून म्हणाले, "सर, तुम्हाला आम्ही दुसरीकडं कुठं बसवणार?"

तू तरीही निबंध वाचलास. इंजिनाची गोष्ट सांगितलीस तेव्हा पेंगणारेसुद्धा जागे झाले, मी बघितलं. मग अध्यक्ष बोलायला उठले. निबंध अभ्यासपूर्ण आहे, रेल्वेचा दृष्टांत तर तुमच्या अनुभवविश्वातून थेट आलाय, म्हणाले. "पण यात तुमची वेदना कुठं दिसली नाही."

"सर, जेवण जरा जास्त झालंय," तू म्हणालास. "तेवढीच वेदना आहे."

त्या हॉलमध्ये मी एकटी हसले. परतीच्या गाडीनं आपण दौंडला उतरलो. घराच्या वळणावर आल्यावर म्हणालास, "त्या साहित्याचा मला राग नाही, बेबी. मी ते वाचूनच वाढलो. पण त्यावर लिहिणारे खूप आहेत, आणि मला दुसरं काहीतरी दिसतंय. इतरांच्या पोरांना कुणी सांगतं का, तुम्ही तुमच्या आळीवरच लिहा म्हणून?"

पुढं हे असंच चालू राहिलं. पुण्याचे लोक तुला शिरूरचा म्हणायचे आणि शिरूरचे लोक पुण्याचा. कॉलेजात दलित साहित्याचा पेपर न विचारता तुझ्या गळ्यात पडला. तू तो मन लावून शिकवलास, तुझी पोरं अजून सांगतात. पण तुझ्या स्वतःच्या विषयावर चार तास मागितलेस तेव्हा हेच प्राचार्य काय म्हणाले होते? "उसा-कांद्यावाल्यांच्या पोरांना ते कशाला, सर? त्यांना काय कळणार?" त्या दिवशी तू वाटेतल्या न्हावऱ्याच्या एसटी स्टँडवरून मला फोन केलास आणि त्यांना नुसत्या शिव्या घातल्यास. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, अजून धग आहे माणसात.

पण दादा, आता तुझं सांगते. तूही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतास.

किसनमामा आठवतात? आप्पांच्या जोडीला शंटिंगला होते, रिटायर झाल्यावर जयंतीच्या कमिटीत गेले. तू सुट्टीला आलेला होतास, माझ्या ओसरीवर चहा पीत होतास. मामा आले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"बाळू, औंदा जयंतीला आपल्या मंचावर तू बोलायचं."

"मामा, माझा तो विषय न्हाई," तू म्हणालास. "मी कादंबरीतला माणूस."

"मग कादंबरीवर बोल की! आमी कुटं नगं म्हंतोय? बाबासाहेबांनी काय एकाच विषयाची पुस्तकं वाचली व्हय?"

"बघतो मामा," म्हणालास, आणि जयंतीला आला नाहीस. मामांनी तुझं नाव पत्रिकेत छापलं होतं. माणसं पुढं बसून होती. मी तुला फोन करून करून दमले. नंतर विचारलं तर काय म्हणालास? "त्यांना काय कळणार, बेबी?"

हेच वाक्य ऐकून तू स्टँडवर उभा राहून शिव्या घातल्या होत्यास ना? मग ते तुझ्या तोंडात आलं कसं? अख्ख्या जिल्ह्यात एकाच मंचानं तुला तुझ्या विषयावर बोल म्हटलं होतं. पुण्यानं म्हटलं नाही, तुझ्या कॉलेजानं म्हटलं नाही. ज्यांनी म्हटलं त्यांच्याकडं तू गेला नाहीस. दुसऱ्या दिवशी मामा माझ्या तिकीट खिडकीवर आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाले, "सरास्नी काम निघालं आसंल. पुढल्या साली बोलवू." तुझीच बाजू घेतली त्यांनी! पुढल्या साली मामाच राहिले नाहीत.

तू त्या दिवशी आला असतास, इंजिनाची गोष्ट सांगितली असतीस, तर फ्लेक्स लावणारी पोरं तेव्हा पुढं बसून ऐकत असती. आपला माणूस कोण होता हे त्यांना ठाऊक असतं. मला तुझी दया येते आणि तुझा राग येतो, आणि दोन्हीतलं आधी काय येतं ते माझं मलाच कळत नाही.

तर काल प्राचार्य संमतीचा कागद घेऊन माझ्या घरी आले. वहिनी अजून माझ्याकडंच आहे. मी तिला आत बोलावलं आणि म्हटलं, सही करू नकोस.

"बेबीताई, तुमी म्हंता ते खरं हाय," ती म्हणाली. "पन ह्यांचं नाव दुसरं कोन घेनार हाय? पुस्तकं माळ्यावर पडल्यात. वर्साला एकदा हार तरी घालत्याल."

"खोट्याचा हार, वहिनी?"

"नाव तर खरंच हाय की. विषय तेवढा खोटा हाय."

तुझ्या लेखांची प्रुफं रात्रंदिवस तिनं तपासली, पाहुण्यांचे टोमणे तिनं खाल्ले. तुला विसरतील ही भीती तिची आहे आणि तुला भलताच कुणीतरी करून ठेवतील ही माझी. तिचा हक्क मोठा. तिनं सही केली, प्राचार्यांनी चहा घेतला आणि जाताना मला म्हणाले, "ताई, कार्यक्रमाला तुम्ही यायचंच हं."

येणार ना! हेच तुला सांगायचं होतं, दादा. मी दर वर्षी येणार. रजा टाकून, एसटीनं, पायात त्राण असेपर्यंत. पहिल्या रांगेत बसणार. वक्ता कितीही मोठा असो, त्याचं बोलणं संपलं की उभी राहणार आणि सगळ्यांसमोर विचारणार, "ज्यांच्या नावानं तुम्ही बोललात त्यांचं कुठलं पुस्तक वाचलंत?" पहिल्या वर्षी समजूत घालतील, दुसऱ्या वर्षी माइक बंद करतील, तिसऱ्या वर्षी आमंत्रण येणार नाही. तरी येणार. तिकीट खिडकीवर जन्म काढलेल्या बाईला ओरडून बोलायला माइक लागत नाही!

तू गेल्यापासून मी रडलेले नाही. वहिनीला ते खुपतं, शेजारणी कुजबुजतात. पण रडू कुणासाठी? ज्याच्यासाठी मांडवात माणसं रडत होती तो माणूस मला माहीतच नाही. एखाद्या वर्षी कुणीतरी वाचून येईल, पान काढून दाखवेल आणि म्हणेल, "बाई, तुमच्या भावाचं इथं साफ चुकलंय." त्या दिवशी मी खाली बसेन आणि पोटभर रडेन. तोवर नाही.

तुझीच,
बेबी
दौंड