ऐंशी गॅलनची टाकी

१४ एप्रिल
आमच्या बेटीनाचं लग्न जूनमध्ये ठरलं. पोरीची अट एकच: चर्चला जायचं ते आजोबांच्या पिकअपमधून. आजोबा म्हणजे माझ्या बायकोचे, लोर्नाचे वडील. ते गेल्यापासून पिकअप आमच्या गॅरेजात उभी आहे. चाकं बसलीत, दारांना गंज. लोर्ना म्हणाली, रंगाऱ्याकडे देऊन टाक. बायकोला गॅरेजातलं काय कळतं? माझा जन्म विम्याच्या ऑफिसात गेला म्हणून काय झालं, हात माझे मेकॅनिकचेच. चाकांत हवा मीच भरणार, रंगही फवाऱ्याने मीच मारणार. एक एअर कॉम्प्रेसर लागेल. पुढच्या रविवारपर्यंत आणतो.

२१ एप्रिल
रविवार आला. घाई करत नाही. विषय खोल आहे. टाकीत हवा किती मावते याला महत्त्व नाही, मिनिटाला किती सुटते याला आहे. चर्चमध्ये पास्टरना हे नीट समजावलं. ते वा म्हणाले आणि कॉफी आणायला गेले. परत यायचं विसरले बहुतेक.

२७ एप्रिल
शेजारचा ऑर्विल कुंपणावरून म्हणाला, माझा छोटा कॉम्प्रेसर ने की, नुसता पडलाय. पाहिला. जेवणाच्या डब्याएवढा. नम्रपणे नकार दिला. तो हसला. आतून दुखावला असणार.

५ मे
पहिला आणला. चालू केल्याबरोबर कुत्रा पलंगाखाली गेला, तो जेवायलाही बाहेर येईना. परत केला. माझी निवड चुकली नाही, त्याचा आवाज चुकला.

११ मे
दुसरा आणला. अगदी शांत. इतका शांत की हवाच भरेना. परत. दुकानदार आता मला ओळखतो. मी दिसलो की आतल्या खोलीत जातो. माझ्यासाठी खास माल बघत असावा.
बेटीनाचा फोन आला, रंग कुठवर आला म्हणून. म्हटलं, पाया घालतोय.

१८ मे
निर्णय झाला. ऐंशी गॅलन, उभी टाकी, माझ्याहून उंच. कारखान्यात असतो तसला. उभ्या ओहायो राज्यात कुणाच्या घरी नसेल. लोर्नाने विचारलं, एक गाडी रंगवायला? म्हटलं, आज एक.

१ जून
आला! ट्रकवाल्यांनी गॅरेजच्या दारातच उतरवला. आत सरकवा म्हटलं तर म्हणाले, कंबर आमची आहे. निघून गेले. माहितीपुस्तकात लिहिलंय, जमिनीला बोल्ट मारून पक्का करावा. केला. दिवस गेला, पण आता तसूभर हलत नाही. इतकं नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.
संध्याकाळी लोर्ना लिंबू सरबत घेऊन आली. आधी टाकीकडे बघितलं, नंतर तिच्यामागच्या पिकअपकडे. मग म्हणाली, "वेंडेल, गाडी बाहेर कशी यायची?"
म्हटलं, तो पुढच्या टप्प्यातला प्रश्न.

४ जून
याला घरातली साधी वीज चालत नाही, वेगळी लाइन लागते. वायरमन लग्नानंतर येतो म्हणतो. म्हणजे कॉम्प्रेसर पूर्ण तयार आहे, फक्त चालत नाही. लोर्ना म्हणते, बोल्ट काढ. काढायचे तर मारले कशाला? शिवाय गंज हा जुन्या गाडीचा दागिना असतो. लोकांना कळत नाही.

१५ जून, लग्न
सकाळी बेटीना पांढऱ्या झग्यात गॅरेजात आली. मी योजना समजावून सांगणार होतो. तिने ऐकलंच नाही. झगा गोळा करून कॉम्प्रेसर आणि भिंत यांच्या फटीतून आडवी आत शिरली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. मीही स्टिअरिंगपाशी बसलो. आत अजून सासऱ्यांच्या तंबाखूचा वास येतो. दोघं समोर बघत राहिलो. समोर भिंत.
"आजोबा मला मांडीवर घेऊन स्टिअरिंग हातात द्यायचे," ती म्हणाली. "आणि तू बाहेरून म्हणायचास, थांबा, आधी टायर बघतो."
गॅरेजात धूळ फार. डोळ्यांत जाते.
तिने माझा टाय सरळ केला. "चल डॅड, उशीर होतोय."
ऑर्विलच्या व्हॅनमधून गेलो. माझ्या मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं पातेलं होतं.

२२ जून
जावई आला. लायल त्याचं नाव. सोबत दोन मित्र. बोल्ट काढले, कॉम्प्रेसर कोपऱ्यात सरकवला, मोटारीतल्या सिगारेट-लायटरच्या जागी खोचून चालणाऱ्या पंपाने चाकं फुगवली आणि पिकअप रंगाऱ्याकडे घेऊन गेले. माझी कॉफीसुद्धा निवली नव्हती. लायल एक शब्द बोलला नाही. सासऱ्याचा मान ठेवतो.

२९ जून
वायरमन येऊन गेला. कॉम्प्रेसर सुरू झाला. थरथर नाही, दाब अचूक. निवड शंभर टक्के बरोबर होती. गॅरेजही आता प्रशस्त वाटतं. लोर्नाच्या मोटारीची चाकं तपासली, हवा बरोबर. ऑर्विलला विचारलं, त्याचीही बरोबर. सायकल आमच्याकडे नाही.
टाकी काठोकाठ भरली. जरा वेळ तिच्याजवळ उभा राहिलो. मग खालची चावी उघडून सगळी हवा सोडून दिली. लोर्नाने आतून विचारलं, कसला आवाज?
म्हटलं, काम चाललंय.