रस्त्याला हवे असलेले चाळीस रोल

ती. आयलीताईस,

रैनोचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? परवा बर्फाची भुरभुर झाली, म्हणजे त्यांनी तक्रार सुरू केलीच असेल. भाओजींचा खोकलाही (जो फक्त लाकडं फोडायची वेळ आली की उठतो) आटोक्यात असावा. हे पत्र बेकरीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय, कारण पोस्टावर माझा विश्वास नाही आणि तुमच्या कार्यालयात फोन कोण कोण ऐकतं ते मला ठाऊक आहे. पाकीट वाफेवर उघडलेलं दिसतंय का, तेवढं बघ.

मी बरा आहे. चोरांमध्ये राहणारा माणूस जेवढा बरा असतो तेवढा. रस्ते विभागाचं कोठार एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, पण असा मोसम पाहिला नाही. टॉयलेट पेपरचे चाळीस रोल गेले! नेणारा वाइनो केट्टुनेन, डांबरी रस्त्याच्या भेगा भरणाऱ्या टोळीतला हंगामी गडी. त्याला कायम करायचं की नाही हे येत्या गुरुवारी तुमच्या कार्यालयातच ठरणार आहे (घरात तिसरं मूल होऊ घातलंय, नोकरी गेली तर हिवाळाभर खाणार काय?). मी खिडकीतून विचारलं, "एवढे कशाला रे?" तर म्हणतो, "रस्त्याला हवेत, रैनोकाका." मी म्हटलं, "का, रस्त्याचं पोट बिघडलंय?" "बघायला या की एकदा!" असं म्हणून हसला. मुकादमाची चिठ्ठी होती, म्हणून द्यावे लागले. मुकादम सामील आहे हे तेव्हाच कळलं.

आता वाइनोच्या सासऱ्याच्या तळ्याकाठी सहा खोल्या आहेत, मासे धरायला येणाऱ्यांसाठी. सहा खोल्या, सहा संडास! रविवारी मुद्दाम गेलो, नको असलेला धुरावलेला मासा विकत घेतला आणि पोट दुखतंय म्हणून आत शिरलो. तिथला कागद गुलाबी निघाला. आपला पांढरा. म्हणजे बघ, किती पोचलेली माणसं! संशय येऊ नये म्हणून रंगीत आणून ठेवलाय.

सोमवारी कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर मी त्याला चोर म्हणालो. वाइनो नुसता बुटांकडे बघत राहिला. चोराचं लक्षण, दुसरं काय!

शुक्रवारी मात्र गाडी काढून टोळीच्या मागोमाग गेलो. चर्चपुढच्या उतारावर ते गरम हवेच्या झोताने भेगा वाळवत होते, त्यात उकळतं डांबर ओतत होते, आणि मागून वाइनो दांडीला रोल लावून त्या काळ्या रेघांवर कागद अंथरत चालला होता. ओलं डांबर गाड्यांच्या चाकांना लागून उचलू नये म्हणून, मुकादम म्हणाला. दोन पावसांत कागद झिजतो, भेग बंद राहते, पाणी आत जाऊन गोठत नाही आणि रस्ता फुगत नाही. पूर्वी वरून वाळू टाकायचे; या वर्षी पद्धत बदलली, पण कोठारवाल्याला कोण सांगतो? (मग न वापरलेली वाळू कुठे गेली, हा प्रश्न माझ्या मनात आहेच.) मी रस्त्याकडेला गाडीत बसून राहिलो. वाइनोने लांबून हात केला.

भाओजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
रैनो

ता. क. गुरुवारी, म्हणजे हे सगळं पाहण्याच्या आदल्या दिवशी, मी तुमच्या साहेबांच्या नावे वाइनोविरुद्ध चार पानी तक्रार पोस्टात टाकली आहे. पिवळं पाकीट. सोमवारी तुझ्या टेबलावर येईल. ते साहेबांपर्यंत जाऊ देऊ नकोस, ताई. चुलीत घाल. तुझ्या नोकरीवर आलं तर माझ्यावर ढकल.

आणखी एक. मुकादमाची चिठ्ठी चौतीसच रोलांची होती, आणि तेवढेच रस्त्याला लागले. कमी भरलेले सहा मीच उन्हाळ्यात घरी नेले होते, माझ्या सौनाच्या न्हाणीवरच्या माळ्यावर आहेत. वाइनो ऑगस्टात माझी लाकडं रचायला आला होता, तेव्हा त्याने ते पाहिले होते. सोमवारी सगळ्यांसमोर तो हे सांगू शकला असता.